पुन्हा पुन्हा फुगणारी म्हैस : निफाड तालुक्यातले एक प्रकरण

रुग्ण : मुऱ्हा वळणाची म्हैस, वय साधारण ८ वर्षे, चौथे वेत, व्यायल्याला सव्वा महिना.
ठिकाण : निफाड तालुका, जिल्हा नाशिक.
तक्रार : पोट वारंवार फुगते, वैरण अर्धवट सोडते, दूध निम्म्यावर आले.

या म्हशीचे पोट व्यायल्यानंतर दहाव्या दिवशी पहिल्यांदा फुगले. घरच्यांनी गोडेतेल पाजले, हिंग-ओव्याचे पाणी दिले, संध्याकाळपर्यंत पोट उतरले. आठवड्याने ती पुन्हा फुगली. या वेळी पाचक पावडर आणि पोटफुगीचे बाटलीतले औषध दिले, पुन्हा उतरली. मग चार दिवसांनी, मग एक दिवसाआड. मला बोलावणे आले तोवर मधले अंतर जवळजवळ संपले होते. दुपारची वैरण खाल्ली की तासाभरात डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) वर यायची आणि रात्री उशिरापर्यंत खाली बसायची नाही.

दर वेळी औषध लागू पडले, म्हणून दर वेळी आजार अपचनाचा ठरला. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे ते याच समजापायी. औषधाने कोंडलेला वायू सुटतो, पण तो का कोंडला याचे उत्तर त्यातून मिळत नाही. साधे अपचन एकदा उतरले की सहसा संपते. म्हैस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा फुगते तेव्हा तिचे पुन्हा फुगणे हेच सर्वांत मोठे लक्षण धरायला हवे आणि तपासणी तिथून सुरू करायला हवी.

गोठ्याची हकीगत

घर द्राक्षबागायतदाराचे. गोठ्यात पाच म्हशी. वैरणीला मका, उसाचे वाढे आणि बागेतल्या ओळींमधले गवत. सगळे कडबाकुट्टीतून बारीक करून गव्हाणीत. खुराकात सरकी पेंड आणि मक्याचा भरडा. पाचही म्हशींना एकच वैरण, आजारी मात्र एकच. एवढ्यावरूनच वैरणीचा दोष किंवा विषबाधा मागे पडते. तरी आपल्या भागात काही प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात खराब कांदा जनावरांपुढे टाकण्याची सवय आहे. जास्त कांदा खाल्ल्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि लघवी लाल होते. इथे लघवी स्वच्छ होती. बागेत फवारणी झाल्यावर लगेच गवत कापले का, हेही विचारले. कीटकनाशकाची बाधा असती तर लाळ, पातळ हगवण, बारीक झालेल्या बाहुल्या, अंगाला कंप असे काहीतरी दिसले असते आणि ते एका दिवसात दिसले असते, महिनाभर रेंगाळले नसते. लग्नाकार्यातला भात, शिळ्या पोळ्या, जादा भरडा यांपैकीही काही पोटात गेले नव्हते.

खरी माहिती मिळाली ती गोठा झाडणाऱ्या मावशींकडून. मालक, म्हणजे त्यांचा मुलगा, दूध आणि खाणे सांगत होता. शेणाबद्दल त्यांना विचारले.

“मावशी, शेण कसं पडतंय?”

“पडतंय कुठं डॉक्टर? एवढं एवढंसं, काळं, चिकट. पाटीला चिकटून बसतं. बाकीच्यांच्या शेणाच्या गोवऱ्या थापते मी, हिच्या शेणाची गोवरी होतच नाही.”

“कधीपासून?”

“व्यायली तेव्हापासूनच म्हणा ना. पोराला बोलले होते, तर तो म्हणे अंगात उष्णता असेल.”

थोडे, काळपट, मलमासारखे चिकट शेण आणि सोबत वारंवार पोटफुगी, शिवाय हे सगळे व्यायल्यानंतर सुरू झालेले. म्हशीत ही तीन सूत्रे एकत्र आली की श्वासपटलाचा हर्निया मनात यायलाच हवा, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा फाटून पोटाचा भाग छातीत सरकणे. गायीपेक्षा म्हशीत तो पुष्कळ जास्त आढळतो, आणि बहुतेक वेळा गाभणकाळाच्या शेवटी किंवा विण्याच्या सुमारास. गोठ्यात दिवसभर वावरणाऱ्या बाईला शेणातला फरक सर्वांत आधी दिसतो. पण डॉक्टरशी बोलायला पुढे येतो घरातला पुरुष. म्हणून हकीगत घेताना शेण काढणाऱ्या माणसाला मुद्दाम बोलावून घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन.

मुलाला दुसरा प्रश्न विचारला, तारेचा. द्राक्षाच्या मांडवाला किती तार लागते हे इथल्या कुणाला सांगायला नको. तो म्हणाला, एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी जुन्या बागेतल्या गंजलेल्या तारा काढून नव्या ओढल्या. तोडलेले तुकडे वेचले होते, पण सगळे कसे सापडणार? पावसाळ्यात त्याच ओळींत गुडघाभर गवत वाढले आणि ते कापून कुट्टीत गेले. कडबाकुट्टीचे पाते तारेला थांबवत नाही, उलट तिचे बोटभर लांबीचे, टोकदार तुकडे करते आणि बारीक वैरणीत मिसळून देते.

तार पोटात जाते कुठे

म्हैस वैरण चाळत बसत नाही. जिभेने घास ओढते, दोन-चारदा चावते आणि गिळते. नीट चावणे रवंथ करताना होते. घासाबरोबर गेलेली जड वस्तू कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, तरंगत नाही, ती पुढे खाली जाळीपोटात पडते. या दुसऱ्या पोटाची आतली बाजू मधाच्या पोळ्यासारखी घरे-घरे असलेली असते, तार तिथे अडकते. जाळीपोट दर मिनिटाला साधारण एकदा जोरात आकसते आणि प्रत्येक आकसण्याबरोबर टोक भिंतीत रुतत जाते. त्याच्या पुढे लागूनच श्वासपटल, आणि श्वासपटलापलीकडे हृदय. सगळा खेळ काही सेंटिमीटरच्या अंतरात चालतो.

तार महिनोन्‌महिने तशीच पडून राहू शकते. गाभण म्हशीच्या शेवटच्या महिन्यांत वासराची पिशवी सगळी पोटे पुढे रेटते, आणि विताना कळा देताना तो दाब आणखी वाढतो. तारेने आधीच कमजोर केलेले श्वासपटल या दाबाखाली फाटू शकते. म्हशीत ते बहुधा उजव्या बाजूला फाटते, आणि त्या भोकातून जाळीपोट छातीत सरकते. ढेकर बाहेर पडायला जाळीपोट जागेवर असावे लागते, त्याच्या आणि कोठीपोटाच्या हालचालींचा मेळ लागतो. तो मेळ तुटला की वायू साठतो. अन्न पुढे सरकत नाही, म्हणून शेण कमी आणि चिकट पडते.

तपासणी

ताप १०१.२ अंश फॅरनहाइट, म्हणजे नाही. नाडी मिनिटाला ५२, श्वास २४. डोळ्यांची आतली कड किंचित फिकी. नाकपुडी ओलसर. उभे राहताना कोपरे अंगापासून थोडी बाहेर काढलेली, पाठ किंचित कमानदार. मागून पाहिले तर डावी बाजू वर आणि खाली दोन्हीकडे भरलेली, उजवी फक्त खालच्या अंगाला फुगलेली. या आकाराचा अर्थ असा की कोठीपोट नुसते वायूने फुगलेले नाही, त्यात पाण्यासारखा माल साचून ते उजवीकडे पसरले आहे. भकाळीवर हात ठेवला तर कोठीपोट दोन मिनिटांत एकदाच आणि अर्धवट हालत होते. निरोगी म्हशीत दोन मिनिटांत दोन-तीन स्पष्ट लाटा हाताला लागतात.

गुदमार्गातून हात घातला तर कोठीपोट थेट ओटीपोटाच्या तोंडापर्यंत येऊन टेकलेले. हाताला लागले ते चमचाभर काळे शेण, वर चिकट आवाचा थर.

तोंडातून नळी घातली. ती सहज गेली, म्हणजे अन्ननलिकेत काही अडकलेले नव्हते. वायू एका दमात फुसकन सुटला आणि भकाळी बसली. फेसाची पोटफुगी असती तर नळीतून नुसता फेस आला असता, पोट उतरले नसते. म्हणजे वायू मोकळा होता, फक्त ढेकर येत नव्हता. त्याच नळीतून थोडा कोठीपोटाचा रस काढला. सामू ७.५; आम्लता झालेली असती तर तो ५.५ च्या खाली गेला असता. रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा एकपेशीय जीव थोडे आणि मंद. बरेच दिवस नीट न खाल्लेल्या जनावराचा हा रस होता. आंबोणाने बिघडलेल्या पोटाचा तो नव्हता. व्यायल्यानंतरचा किटोसिस (दुधाच्या ताणाने शक्ती कमी पडून अंगात कीटोन वाढण्याचा आजार) डोक्यात होताच, लघवीची तपासणी केली. कीटोन सापडले नाहीत.

नळीने आराम पडल्यावर मालकांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. उद्या दुपारी ती पुन्हा फुगेल, हे तिथेच स्पष्ट सांगावे लागले. आणि ती फुगलीच.

वेदनेच्या चाचण्या केल्या. छातीच्या हाडामागे बांबू घालून दोन्हीकडून उचलला आणि घशाजवळ स्टेथोस्कोप ठेवून कण्हण्याचा आवाज ऐकला. आवाज आला, पण अस्पष्ट. खांद्यावरची कातडी जोरात चिमटल्यावर निरोगी गाय पाठ खाली दाबते, आत दुखत असेल तर दाबायचे टाळते. ही म्हैस थोडी हलली, इतकेच. म्हैस दुखणे सोसते, दाखवत नाही. गायीवर शिकलेल्या या चाचण्या म्हशीत नकारार्थी आल्या म्हणून पोटात तार नाही असे धरू नये.

मग छाती ऐकली. उजवीकडे खाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या दरम्यान, श्वासाशी संबंध नसलेला गुडगुड आवाज थांबून थांबून येत होता. हृदयाचे ठोके थोडे दबलेले. मानेची शीर फुगलेली नव्हती आणि गळ्याखालच्या पोळीला सूज नव्हती. ती असती तर तार हृदयाच्या आवरणात गेल्याची शंका घ्यावी लागली असती आणि मग आशा फार थोडी उरते. छातीतल्या गुडगुडीवर एकट्यावर निदान ठेवता येत नाही, कारण कोठीपोटाचा आवाज पुढेही ऐकू येतो. पण शेण, पोटफुगीचा क्रम, व्यायलेली म्हैस आणि ही गुडगुड, चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

रक्तात पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. गुरांच्या रक्तात एरवी लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, इथे न्यूट्रोफिल हा दुसरा प्रकार त्यांच्या पुढे गेला होता. आत कुठेतरी जुनी जखम धुमसते आहे, एवढे यातून कळते. रक्तकाचेवर थायलेरियाचे (गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचे) जंतू नव्हते.

धातुशोधक यंत्राची मागणी अशा वेळी नेहमी होते. यंत्र छातीखाली वाजले की तार आहे, असे लोक मानतात. आपल्याकडच्या कित्येक धडधाकट म्हशींवर ते वाजेल, कारण त्यांच्या जाळीपोटात निरुपद्रवी खिळे-नट पडलेले असतात. तार रुतली आहे की नुसती पडली आहे, आणि पडदा फाटला आहे की नाही, हे ते यंत्र सांगत नाही.

सोनोग्राफी

मोठ्या जनावराच्या छातीचा एक्स-रे काढायला दमदार यंत्र लागते. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा विचार झाला. पण नाशिकहून ते दीडशे किलोमीटरच्या वर, मध्ये कसारा घाट, आणि टेम्पोत उभी असलेली म्हैस वाटेत फुगली तर काय, हा प्रश्न. जिल्ह्यातच मोठ्या शस्त्रक्रियेची सोय आणि सोनोग्राफी असलेल्या दवाखान्यात न्यायचे ठरले. निघण्यापूर्वी नळीने पोट मोकळे केले, आदल्या रात्रीपासून वैरण बंद ठेवली, आणि गाडीत तिचे पुढचे पाय उंचावर राहतील असा भुसा भरला.

उजव्या बाजूचे केस काढून बरगड्यांमधल्या चौथ्या-पाचव्या फटीत प्रोब ठेवल्यावर हृदयाच्या शेजारीच जाळीपोटाची जाड, अर्धगोल भिंत दिसली. ती आकसतही होती. निरोगी म्हशीत जाळीपोट याच्या मागे, सहाव्या-सातव्या फटीत आणि श्वासपटलाच्या मागच्या बाजूला दिसते. इथे ते छातीत होते. निदान पक्के झाले.

घरच्यांपुढचा निर्णय

मुलाने विचारले, विकून टाकावी का. प्रश्न रास्त होता, हप्ते चालू होते. पण अशी म्हैस विकली तर दुखणे दुसऱ्याच्या दावणीला जाते, एवढेच होते. मी त्यांच्यापुढे खरे ते ठेवले. औषधांवर ती काही आठवडे ओढेल आणि खंगत जाईल. नुसते कोठीपोट उघडून रिकामे केले तर आठ-दहा दिवस बरी दिसेल, नंतर पुन्हा भरेल. पडदा शिवायचा तर दोन शस्त्रक्रिया लागतील, खर्च आणि जोखीम दोन्ही मोठी, टेबलावर जीव जाऊ शकतो. मावशी म्हणाल्या, “चार वेतं दिलीत तिनं. करा.”

पहिली शस्त्रक्रिया उभ्या म्हशीवर, डाव्या भकाळीत जागा बधिर करून झाली. कोठीपोटातला पाण्यासारखा माल पूर्ण काढला. आतून हात पुढे सारला तर जाळीपोट आपल्या जागी नव्हते. हात पडद्याच्या फटीतून पुढे गेला, तिथे एक घट्ट कड बोटांना लागली, आणि त्या पलीकडे हाताच्या पाठीला हृदयाचे ठोके जाणवत होते. ज्याने एकदा हे अनुभवले त्याला पुन्हा शंका राहत नाही. जाळीपोटातून निघाले ते असे : मांडवाच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) तारेचे दोन तुकडे, एक वाकलेला खिळा आणि वाळू. मोठा तुकडा भिंतीत निम्मा रुतलेला होता.

कोठीपोट आधी रिकामे करण्यामागे कारण आहे. पडदा शिवताना म्हशीला उताणी झोपवावे लागते. भरलेले पोट अशा वेळी छातीवर दाब देते, आणि पोटातले पाणी उलटून श्वासनलिकेत गेले तर म्हैस वाचत नाही. दोन दिवस तिला वैरण दिली नाही, शिरेतून सलाइन आणि ग्लुकोज, प्रतिजैविके आणि वेदनाशामक चालू ठेवले. मग पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालून, छातीच्या हाडामागून पोट उघडले. जाळीपोट पडद्याच्या कडेला चिकटले होते. ते सोडवून मागे घेतले. कड शिवेपर्यंत छातीची पोकळी उघडी राहते, म्हणून त्या सगळ्या वेळात श्वास बाहेरून द्यावा लागतो आणि शेवटचा टाका घेताना आतली हवा काढावी लागते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष एक क्षणही हलले नाही. या शस्त्रक्रियेत शिवणाऱ्याइतकेच श्रेय त्यांचे असते.

नंतर

पहिले दोन दिवस ती निपचित होती. तिसऱ्या दिवशी निरोगी म्हशीच्या कोठीपोटातला गाळलेला रस नळीने तिला दिला, कारण तिच्या पोटातले पचनाचे जीव जवळजवळ संपले होते. त्याच संध्याकाळी तिने पाच-सहा घास मऊ हिरवी मका खाल्ली. रवंथ चौथ्या दिवशी दिसला. शेण आठवडाभरात पूर्ववत झाले, आणि ही बातमी फोनवर मावशींनीच दिली. प्रतिजैविके चालू असेपर्यंत आणि औषधाच्या लेबलावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत तिचे दूध डेअरीला घातले नाही, रेडकालाही दुसऱ्या म्हशीचे दूध दिले.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. फुगलेल्या म्हशीचे तोंड वर उचलून, जीभ बाहेर ओढून तेल पाजणे फार जिवावरचे आहे. जीभ धरलेल्या जनावराला गिळता येत नाही आणि तेल फुप्फुसात उतरते. या म्हशीला सुरुवातीच्या आठवड्यांत बरेच तेल पाजले गेले होते. फुप्फुसे स्वच्छ राहिली, हे तिचे नशीब.

बाकी चार म्हशींचा प्रश्न उरला होता. त्यांना प्रत्येकी एक लोहचुंबक गिळवले. ते जाळीपोटात जाऊन बसते आणि नव्याने येणारे लोखंड धरून ठेवते. जीआय तार आतून पोलादीच असल्यामुळे ती चुंबकाला लागते. तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची तार लागत नाही. कुट्टीच्या तोंडाशी, वैरण पडते त्या पत्र्यावर, मुलाने जुन्या स्पीकरची चुंबके बसवली. पहिल्याच पंधरवड्यात त्यांवर बारीक खिळे आणि तारेचे तुकडे जमले. बागेत ज्या ओळींत मांडव बदलला होता, तिथले गवत आता जनावरांना घालत नाहीत.

म्हैस आज दोन्ही वेळचे मिळून सात लिटरवर आहे. आजारापूर्वी नऊच्या पुढे होती. या वेतात ते परत येईल असे मला वाटत नाही. ती माजावर आली तेव्हा भरवायची का, हे विचारायला मुलाने फोन केला. म्हैस दहा महिने गाभण राहते आणि शेवटच्या तीन महिन्यांत तोच दाब त्याच शिवलेल्या जागेवर येणार. या माजाला थांबायला सांगितले. सोनोग्राफी पुन्हा करून, जाळीपोट जागेवर आहे असे दिसले तरच पुढच्या हंगामात भरवायचे, आणि गाभणकाळाच्या शेवटी वैरण एकदम न देता चार-पाच वेळा थोडी थोडी द्यायची, असे ठरले आहे.